जेवणाच्या वेळेचं पोस्टर

"तुमी व्हा पुढं, सर. मी हितंच थांबते. कुणी आलं तर?"

परिषदेत जेवणाची सुट्टी झाली की मॅडमचं हे वाक्य ठरलेलं. असं म्हणून त्या पोस्टरच्या चौथ्या कोपऱ्यातली पिन अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबायच्या आणि हात मागे बांधून बोर्डाशेजारी उभ्या राहायच्या. हात मागे, कारण नखं पिवळी. सांगलीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत त्या हळद तपासायच्या, आणि हळद तपासणाऱ्याची नखं कुठल्याच साबणाला दाद देत नाहीत.

तुम्ही रसायनशास्त्राच्या परिषदेला कधी गेला नसाल तर पोस्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्यांचं काम मोठं किंवा ज्यांची ओळख मोठी, त्यांना स्टेजवर भाषण मिळतं. बाकीच्यांनी आपलं काम एका मोठ्या कागदावर छापून आणायचं, बोर्डावर लावायचं आणि शेजारी उभं राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी थांबून वाचावं, काही विचारावं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण आपल्याकडे पाहुणे उशिरा येतात, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, नारळ, राहून गेलेल्यांना पुन्हा शाल, आणि शेवटी निवेदिका गोड आवाजात जाहीर करते की वेळेअभावी पोस्टर सत्र जेवणाबरोबरच होईल. मंडपात गरम जिलेबी असताना पोस्टरांचं काय होतं ते तुम्हीच ताडा.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. परिषद साताऱ्यात असो की सांगलीत, समितीत माझ्या वाट्याला येतं ते बोर्ड आणि पिनांचं खातं. पहिल्यांदा मी मॅडमना पिना द्यायला गेलो, तर त्यांनी पर्समधून वेलदोड्याची जुनी डबी काढली. "माझ्या हायत की, सर. तुमच्या वाकत्यात," म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. समितीच्या पिना वाकतातच. त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्या एसटीनं यायच्या. पोस्टर गुंडाळून प्लास्टिकच्या जाड नळीत घातलेलं, नळीला खांद्यावर अडकवायला ओढणीची शिवलेली पट्टी. एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाई, तोफ हाय का काय ही?" मॅडमनी गंभीरपणे सांगितलं, "तोफच हाय. पण अजून वाजली न्हाई." हा किस्सा त्या दर वर्षी सांगायच्या आणि दर वर्षी शेवटच्या वाक्यावर आधी स्वतःच हसायच्या.

आता ती तोफ कसली, ते.

पिकावर मारलेलं औषध हळदीत किती उरलंय हे यंत्रावर मोजतात. पण यंत्रावर विश्वास ठेवायच्या आधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. स्वच्छ हळद घ्यायची, तिच्यात आपल्याच हातानं औषध मोजून घालायचं आणि मग ते परत काढून दाखवायचं. जेवढं घातलं तेवढं, निदान त्याच्या जवळपास, परत यायला हवं. मॅडमच्या हळदीत एक औषध असं होतं की घातलेल्यातलं निम्मंच परत यायचं. उरलेलं निम्मं जायचं कुठं, हे कुणाला माहीत नव्हतं.

हळदीचा पिवळा रंग यंत्राला खराब करतो, म्हणून तो काढायला कोळशाची काळी पावडर वापरतात. मॅडमचा संशय त्या पावडरीवर होता. पावडर जास्त घातली तर ती रंगाबरोबर औषधही खाते, कमी घातली तर यंत्र घाण होतं. "मधल्या मधी मी अडकलीय, सर," त्या म्हणायच्या. मग आवाज जरा खाली यायचा. "निम्मं आपल्याला दिसत न्हाई, म्हंजी ते न्हाई असं थोडंच हाय? ते कुणाच्या तरी आमटीत जातंयच की."

म्हणजे बघा, लोक परिषदेत जे जमलं ते लावतात. या बाई दर वर्षी जे जमलं नाही ते लावायच्या. पोस्टरच्या अगदी मधोमध, मोठ्या अक्षरात, तो निम्म्यावर अडकलेला आकडा. खाली एक ओळ: हा अनुभव आणखी कुणाला आला असल्यास कृपया बोलावे. एवढंच त्यांना हवं होतं. बक्षीस नको, भाषण नको. हळद तपासणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी यावं आणि म्हणावं, माझंही असंच येतं. मग दोघं मिळून शोधता येईल, कारण एकटीला ते सुटत नव्हतं आणि त्यांच्या प्रयोगशाळेत दुसरं कुणी त्यावर वेळ घालवायला तयार नव्हतं.

समितीचे अध्यक्ष हे निवृत्त प्राध्यापक, मनानं भले. त्यांनी एकदा मॅडमना बाजूला घेऊन समजावलं, "अहो, न आलेलं कशाला लावता? आलेलं लावा. बक्षीस मिळेल."

"आलेलं तर सगळेच लावत्यात, सर," मॅडम म्हणाल्या. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले आणि जेवायला गेले.

एकदा मलकापूरला एका हॉटेलात दोन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग होता. अशा वर्गांना निम्मे लोक प्रमाणपत्रासाठी येतात, तपासणीच्या वेळी फाइलला लावायला बरं असतं. मॅडम मात्र पहिल्या रांगेत. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी औषध घालून परत काढण्याचं प्रात्यक्षिक केलं, काकडीवर. सगळं औषध इमानानं परत आलं. टाळ्या झाल्या. मॅडमनी हात वर केला, तर पिवळी नखं सगळ्यांना दिसली. "सर, हळदीवर दाखवता का?" तज्ज्ञ म्हणाले, तत्त्व तेच आहे. चहाच्या वेळी मॅडम माझ्यापाशी येऊन पुटपुटल्या, "काकडीला पोटच न्हाई, सर. ती काय ठिवून घेणार? हळद लय पोटात ठेवती." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या वर्गासाठी त्यांनी रजा काढली होती.

माणूस म्हणून त्या मोठ्या गमतीच्या होत्या. वडील आणि भाऊ गाद्या भरणारे. लहानपणी कापूस पिंजताना बघितलं म्हणून आपल्याला धीर आहे, असं त्यांचं म्हणणं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आमच्या यंत्राला सुट्टी न्हाई, मला कुठली?" परिषदेत मिळालेल्या पिशव्या त्या जपून ठेवायच्या आणि भावाच्या दुकानात गिऱ्हाइकांना त्यांत उशीचे अभ्रे घालून द्यायच्या. सांगलीत बऱ्याच घरी आजही रसायनशास्त्राच्या राष्ट्रीय परिषदा खुंटीला टांगलेल्या असतील.

जेवणाच्या वेळी मी त्यांच्यासाठी एक ताट झाकून ठेवायचो. मंडपवाले टेबलं उचलायला लागले की त्या येऊन थंडगार मसालेभात खायच्या. मी विचारायचो, "आलं का कुणी?" त्या घास गिळून सांगायच्या, "एकजण आला हुता. हात धुवायची जागा कुठाय विचारत." आणि मग, माझा चेहरा पडलेला बघून, वर मलाच समजवायच्या, "पुढच्या वर्षी येईल की."

खरं तर मी उभा राहायचो त्या पोस्टरसमोर. सगळं वाचायचो, आकडा पाठ झाला होता. पण माझा हळदीशी संबंध आमटीपुरता. मॅडम ज्याची वाट बघत होत्या तो 'कुणी' मी नव्हतो, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जवळच्या माणसाला आपला काही उपयोग नाही, ही गोष्ट फार टोचते.

मागच्या वर्षीची परिषद सांगलीत होती, म्हणजे त्यांच्या घरच्या मैदानावर. पोस्टर त्यांनी आधीच छापून घेतलं होतं. मला फोन आला, "औंदा एसटी न्हाई, सर. चालत येते तोफ घेऊन." त्यानंतर काही दिवसांनी ताप आला, तो मेंदूवर गेला, आणि आठवड्यात सगळं आटोपलं. मला कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

परिषदेच्या सकाळी त्यांचा भाऊ आला. खांद्याला ती नळी. माझ्यासमोर उभा राहिला आणि नळी उतरवून माझ्या हातात दिली.

"आपा म्हनली हुती, हे सरांकडं पोचलं पायजे," तो म्हणाला. "दवाखान्यात म्हनली. तुमाला जमंल का लावायला?"

समितीत कुणीतरी म्हणालं, लेखिकाच नाही तर पोस्टर कशाला? बोर्ड माझ्या खात्यात, मी कुणाला विचारलं नाही. नळीतच वेलदोड्याची डबी होती. चारही कोपरे त्यांच्याच पिनांनी लावले, चौथा अंगठ्यानं पुन्हा दाबला. नाव, प्रयोगशाळा, आकडा, खालची ओळ, सगळं त्यांनी छापलं होतं तसंच. त्या गेल्याची चिठ्ठी त्यावर चिकटवायला माझं मन घेईना.

वेळेअभावी पोस्टर सत्र जेवणाबरोबर झालं. मी जेवायला गेलो नाही.

मंडपातून भांड्यांचा आवाज येत होता. एक पन्नाशीचे गृहस्थ हातात रिकामं ताट घेऊन रांगेतून बाहेर पडले आणि सरळ बोर्डाकडे आले. गळ्यातल्या ओळखपत्रावर खंडाळ्याकडच्या एका मसाल्याच्या कारखान्याचं नाव. त्यांनी पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. मधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"अजून निम्म्यावरच हाय व्हय?" ते स्वतःशीच बोलले. मग माझ्याकडे वळून, "मॅडम जेवायला गेल्यात का?"

मी तोंड उघडलं, पण ते थांबायला तयार नव्हते. बहुतेक खूप दिवस मनात घोळवून आले होते.

"मागं साताऱ्याला बघितलं हुतं मी हे पोस्टर. जिलेबीच्या रांगेत हुतो, तिथनंच वाचलं. आवं, आमचं बी असंच येतंय. निम्मं. साहेब म्हनायचे, तुझा हातच खराब हाय. मला बी तसंच वाटायचं. मॅडमचा आकडा बघितला आणि तवा कळलं, माझ्या हाताचा दोष न्हाई." त्यांनी ताट काखेत धरलं. "तवाच यायला पायजे हुतं. पर साहेब शेजारीच उभं. आमचं निम्मंच येतंय हे त्यांच्यापुढं चारचौघांत कसं बोलायचं? मॅडम हात मागं बांधून हितंच उभ्या हुत्या. दोनदा माझ्याकडं बघितलं बी त्यांनी. मी मान खाली घातली आन् जेवायला बसलो."

मला तो दिवस आठवला. त्या दिवशी मॅडमनी मसालेभात अर्धा टाकला होता.

"औंदा साहेब न्हाईत," गृहस्थ सांगत होते. "आणि एक सांगायचं हाय त्यास्नी. आमी हळदीचा अर्क आधी फ्रीजरात ठिवतो. मेण, रंग, बरंच खाली बसतं. मग काळी पावडर कमी लागती. पुरं न्हाई येत, पर निम्म्याच्या वर येतंय. म्हटलं, मॅडमला दाखवावं, त्या फुडचं काढतील. आमच्यात तेवढं डोकं न्हाई."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर त्यांचे आकडे होते. तो हातात धरून त्यांनी मंडपाकडे नजर टाकली. लोक जिलेबीच्या दुसऱ्या फेरीला उठले होते.

मी म्हणालो, "अहो, मॅडम..."

"न्हाई न्हाई, बोलावू नका," ते घाईनं म्हणाले. "जेवू द्या त्यास्नी निवांत. मी थांबतो हितंच."

आणि हात मागे बांधून ते बोर्डाशेजारी, बरोबर मॅडमच्या जागेवर, उभे राहिले.