तरोटा की कासविंदा

उमरखेडच्या दवाखान्यातून भावाचा फोन आला. पुतणीच्या उलट्या थांबत नव्हत्या. घरामागच्या झुडपाच्या बिया खाल्ल्या, एवढंच ती सांगत होती. डॉक्टरांना दोन गोष्टी हव्या होत्या : झुडूप कोणतं आणि किती बिया पोटात गेल्या.

"तरोटाच असंल," आई म्हणाली. "पावसाळाभर भाजी खाल्ली आपण त्याची. कोणाले काही झालं?"

गोठ्याच्या भिंतीलगत तरोटा आणि कासविंदा एकमेकांत घुसून वाढले होते. फुलं दोघांचीही पिवळी. तरोट्याच्या पानाला गोल टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. कासविंद्याला जास्त, आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याच्या बिया लहान मुलांच्या यकृतावर आणि मेंदूवर परिणाम करतात, हे बातमीदारीमुळे मला माहीत होतं. पण पानं पाहून पोटात काय गेलं ते कळणार नव्हतं.

भिंतीपाशीच भातुकली मांडलेली होती. तरोट्याचं बी मेथीसारखं, तिरकस कापल्यासारखं. खेळण्यातल्या कढईतलं बी चपटं आणि गोलसर होतं. मी भावाला फोन करून कासविंदा असल्याचं सांगितलं.

"किती खाल्लं पण?" त्याने विचारलं.

ताटल्या दोन होत्या. दुसरी शेजारच्या मुलीची.

शेजारीण दारात लसूण सोलत बसली होती. मुलगी कुठे आहे, मी विचारलं. "ते झोपली. आज लवकरच झोपली." उठवा म्हटल्यावर ती म्हणाली, "काहून? आताच तं डोळा लागला तिचा."

कारण सांगितलं तशी लसूण टाकून ती आत धावली. मुलगी पहिल्या हाकेला उठली नाही. दुसऱ्यांदा हलवल्यावर चिडून उठून बसली.

"तू खाल्लं का गं ते?" शेजारणीने विचारलं.

"मी कायले खाऊ? मी तं सयपाक करून राह्यलती. पाव्हणी ते होती."

"पाहुणीने किती खाल्लं?" मी विचारलं.

"पहिला घास थुकला. कडू हाय म्हणे. मंग मी गूळ टाकला."

"मग?"

तिने मूठ मिटून दाखवली. "एवढं. चावून चावून खाल्लं."

भावाने ते तसंच डॉक्टरांना सांगितलं. फोन चालू होता. नांदेडला हलवा, उशीर नको, हे शब्द मला ऐकू आले.

नांदेडला पुतणी सावरली. पण त्या रात्री शेजारणीने आपल्या मुलीचा डोळा पुन्हा लागू दिला नाही.