गडग्यातला ट्रॅक्टर

दमयंती मांडवकरने उभी हयात मिरजोळ्याच्या एमआयडीसीत खानावळ चालवली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा तिने खानावळ भाच्याच्या गळ्यात मारली आणि पूर्णगडाजवळच्या वाडीत नवऱ्याकडे राहायला आली. नवरा, गंगाराम, पडवीतल्या खुर्चीत होता. गेली कित्येक वर्षं तो तिथेच होता.

आल्या आल्या दमयंतीने माळा झाडून घेतला, आंब्याच्या कलमांची आळी खणून घेतली, शेजारणीशी एक भांडण उकरून काढलं आणि मिटवलंही. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तिची नजर ट्रॅक्टरवर गेली.

ट्रॅक्टर तिच्या सासऱ्यांचा. भिकाजी मांडवकर एकदा कोल्हापूरकडे लग्नाला गेले, पोटभर जेवले आणि येताना डोक्यात ट्रॅक्टर घेऊन आले. महिनाभरात तो अंगणातही आला. घाटावर जमीन कशी ऐसपैस पसरलेली असते, तिथे ट्रॅक्टर शोभतो. इथे कातळाच्या सड्याखाली भाताचे कुणगे, पायऱ्यापायऱ्यांचे, इतके चिंचोळे की बैल वळला की त्याची शेपटी दुसऱ्याच्या शेतात. भिकाजींचा ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी स्वतःचं शेत नांगरी आणि मागच्या चाकांनी चुलतभावाचं. चुलतभावाने कोयता दाखवल्यावर नांगरणी थांबली. त्यानंतर भिकाजी त्या सीटवर बसून फक्त पेपर वाचत. गेले तेही तिथेच, चष्मा नाकावर ठेवून.

मग दोघे मुलगे, गंगाराम आणि धाकटा महिपत, वाटणीला बसले. घर मधोमध दुभंगलं, कलमं वाटली गेली, हंडा एकाला आणि घंगाळ दुसऱ्याला. ट्रॅक्टर मात्र दोघांनाही हवा होता. चालवायला नव्हे, दुसऱ्याला मिळू नये म्हणून. पंचांनी चहा पिऊन हात टेकले. शेवटी अंगणातून चिऱ्यांची भिंत रचून गडगा घातला. तो ट्रॅक्टरला येऊन टेकला आणि पलीकडच्या अंगाने पुन्हा सुरू झाला. इंजिन गंगारामच्या अंगणात, सीट आणि मोठी चाकं महिपतच्या. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. वडिलांच्या श्राद्धाला गंगाराम बॉनेटवर पान ठेवी, महिपत सीटवर. कावळा दोन्हीकडे जेवी आणि जाताना मडगार्डवर हगून जाई. भटजी म्हणत, पितर तृप्त झाले.

"अहो, हा चालू केला तर?" दमयंती म्हणाली.

"चालू करून जायचंय कुठं?"

"कुठं का जाईना. घरातलं एक तरी काय हललं म्हणजे झालं."

तिने मिरजोळ्याहून बाबल्याला बोलावलं. बाबल्या तिथल्या गॅरेजात मिस्त्री, आणि दमयंतीच्या खानावळीतल्या आमटीवर पोसलेला. त्याने बॉनेट उघडलं. आत उंदरांचं बाळंतपण उरकलेलं होतं आणि बॅटरीच्या जागी कोंबडीने अंडं घातलं होतं.

"काकी, ह्याला मिस्त्री नको, भटजी हवा."

"भटजी जेवतो जास्त. तू बघ."

इंजिन जाम होतं. बाबल्याने आत डिझेल आणि ऑइल ओतून ते मुरत ठेवलं. टाकीतून गंज निघाला, रेडिएटरमधून मुंग्यांचं अख्खं गाव निघालं. पण गिअर, ब्रेक, क्लच हे सगळं गडग्यापलीकडे महिपतच्या हद्दीत होतं, आणि तिथे पाय ठेवला तर महिपत तंगडं मोडायला बसलेला.

दमयंती विहिरीवर गेली. तिथे धाकटी जाऊ सखू कळशी भरत होती. भाऊ बोलत नसले तरी जावा भेटल्या की बोलत. बोलणं बंद ठेवण्याइतका रिकामा वेळ त्यांना कधी मिळालाच नाही.

"वैनी, चालू करायचाय असं ह्यांना सांगू नका," सखू म्हणाली. "दादा विकायला निघालेत म्हणून सांगते. बघा कसे धावतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत सीटवर हजर. आपल्या अर्ध्यावर पहारा करायला. बाबल्या पुढे पाने फिरवत होता आणि महिपत मागे डोळे वटारून बसला होता. पण नुसतं डोळे वटारून दिवस जात नाही. दुपारपर्यंत त्याने गिअरचा दांडा पुसला. संध्याकाळी चाकांच्या नटांना तेल लावलं. मागचा भाग चकाकायला लागलेला पाहून गंगारामच्या पोटात दुखलं. तो खुर्चीतून उठला (दमयंतीने मुद्दाम घड्याळात पाहिलं) आणि काथ्या घेऊन बॉनेट घासायला लागला. पुढे काही दिवस दोघे भाऊ ट्रॅक्टरच्या दोन टोकांना घाम गाळत होते आणि बोलायचं असलं की बाबल्याला सांगत होते.

"बाबल्या, त्याला सांग, मडगार्डला पॉलिश असं नाय मारत."

"बाबल्या, त्याला सांग, स्वतःच्या बॉनेटचं बघ."

इंजिन एकदाचं सुटलं. चालू करायच्या दिवशी अर्धी वाडी जमली. बाबल्याने नवी बॅटरी जोडली, नळ्यांतली हवा काढली. गंगाराम हातात नारळ घेऊन बॉनेटसमोर उभा राहिला. महिपत सीट सोडायला तयार नव्हता, म्हणून किल्ली त्यानेच फिरवायची ठरली.

"न्यूट्रल आहे ना?" बाबल्याने विचारलं.

"मला शिकवतोस? क्लच दाबून बसलोय."

गिअर न्यूट्रलला नव्हता. आणि इतक्या वर्षांच्या दमटपणात क्लचची प्लेट गंजून घट्ट चिकटली होती. म्हणजे पायाने क्लच दाबला काय अन् भुई दाबली काय, सारखंच. ते तपासायचं बाबल्याच्या ध्यानातूनच गेलं होतं.

महिपतने किल्ली फिरवली. ट्रॅक्टर खोकला, पुन्हा खोकला, आणि काळा धूर सोडून धडधडायला लागला. माणसांनी टाळ्यांसाठी हात उचलले. तेवढ्यात तो चालायला लागला. मागच्या मोठ्या चाकांनी दोन्हीकडचा गडगा कवेत घेतला आणि चिरे धडाधड कोसळले.

"महिपत, ब्रेक मार!" गंगाराम ओरडला.

"लागत नाय रे दादा! बाजूला हो मेल्या, मरशील!"

गंगाराम नारळासकट उडी मारून बाजूला झाला. ट्रॅक्टर तुळशीला वळसा घालून गेला, ती महिपतची हुशारी की देवाची, हे कळायला मार्ग नाही. पण गंगारामची न्हाणी काही वाचली नाही. ती आडवी करून ट्रॅक्टर गवताच्या उडवीत घुसला. बाबल्याने धावत जाऊन इंजिन बंद करायची दांडी ओढली आणि सगळं गप्प झालं.

गवतातून आधी महिपतचं डोकं बाहेर आलं. गंगाराम समोर जाऊन उभा राहिला. आता मिठी मारणार की नारळ, याचा वाडीला अंदाज येईना.

"गडगा पाडलास," गंगाराम म्हणाला.

"न्हाणी पण पाडली. ती बघ आधी."

गंगारामने न्हाणीकडे पाहिलं. बादली तेवढी उभी होती.

"बाबांच्या हातात असता तर विहिरीत गेला असता."

"विहिरीत जाऊन वर पेपर मागितला असता त्यांनी," महिपत म्हणाला.

गंगाराम हसला. पोट धरून, खाली बसून हसला. दमयंतीने त्याला असं हसताना लग्नाच्या नवलाईत एकदा पाहिलं होतं, त्याला बराच काळ लोटला होता. ती सगळ्यांवर खेकसली, "बघताय काय? चिरे उचला!"

त्या चिऱ्यांतून न्हाणी नवी झाली. गडगा पुन्हा कुणी घालायचा यावर भावांचं एकमत झालं नाही, म्हणून तो राहूनच गेला. बाबल्याने ट्रॅक्टर मधोमध उघडून क्लच मोकळा केला आणि तो आधी न तपासल्याबद्दल दमयंतीच्या शिव्याही खाल्ल्या.

पण कुणगे होते तेवढेच होते. शेतात ट्रॅक्टरला काम नव्हतं. काम निघालं पूर्णगडच्या किनाऱ्यावर. पावसाआधी होड्या पाण्यातून वर ओढून ठेवाव्या लागतात, आणि तिथले तरणे पुरुष मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवर गेलेले. दमयंती चालवायला शिकली, सखूला मडगार्डवर बसवलं आणि थेट किनाऱ्यावर उतरली. दोन्ही भाऊ मागून चालत आले आणि एक डावीकडे, दुसरा उजवीकडे हात करून ओरडायला लागले. तिने दोघांना होडीला खांदा लावायला पाठवलं.

"बाईमाणसाला ओढवेल काय?" होडीवाल्या आनंदीबाईने दोर धरून शंका काढली.

"मी कुठं ओढत्येय? हा ओढतोय. तुम्ही गाठ नीट मारा."

चाकं वाळूत रुतली, फिरली आणि त्यांनी पकड धरली. होडी डुलत डुलत वर आली. आनंदीबाईने बांगडे मासे भरून पिशवी दिली. दमयंतीने ती स्टेअरिंगला अडकवली, लुगड्याचा पदर खोचला आणि घराच्या रस्त्याला लागली. चढावर मागून एसटी आली. ड्रायव्हरने पार सड्यापर्यंत हॉर्न वाजवला, पण दमयंतीने काही बाजू दिली नाही.