बोलण्याला अर्थ नव्हता

दसऱ्याला मी जीप रंगवून घेतली आणि त्याच आठवड्यापासून गुरुजींनी मला उत्तर देणं बंद केलं.

गुरुजी म्हणजे भिगवणचे एक निवृत्त शिक्षक. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, परवान्यासाठी त्यांनीच मला शिकवलं, आपला जुना सेटही विकला. भाव मी शेवटपर्यंत पाडला. "न्या," एवढंच ते म्हणाले. सेट जीपमध्ये बसवला. रोज सकाळी बारामतीजवळच्या जळोचीहून इंदापूरला माल नेताना त्यांच्याशी बोलायचो. घरात माझ्याशी कुणी कामापुरतंच बोले. माझी जीभच तशी.

दसऱ्यानंतरही ते हाक मारत, "बारामतीची जीप आहे का?" मी बोलायचं बटण दाबून ओरडे, "आहे, गुरुजी!" थोडा वेळ थांबून ते म्हणत, "नाही वाटतं," आणि दुसऱ्याशी बोलू लागत. पाडलेल्या भावाचा राग असा चारचौघांत काढतात, हे मी मनात धरलं. बटण दाबलं की सेटचा दिवा मिणमिणे, म्हणून बॅटरीवाल्याशी भांडून बॅटरी बदलून घेतली. फरक शून्य. मग दोन महिने सेट बंदच ठेवला.

शेवटी तो विकायला काढला. पण मिणमिणत्या सेटला भाव येत नाही, म्हणून बारामतीत गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडे नेला.

"तात्या, बटण दाबा," मीटर लावून तो म्हणाला. "बॅटरीवर बारा, सेटवर आठ. मधलं चार व्होल्ट कुणी खाल्लं?"

सेटच्या अर्थची वायर जीपच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट नव्या हिरव्या रंगावरच बसला होता. रंगातून वीज धड जात नव्हती; ऐकण्यापुरती पुरायची, बोलायला कमी पडायची.

"बोल्टाखाली पण रंग? पेंटरला कुणी सांगितलं?"

"मीच. ठरल्या पैशात बोटभरही पत्रा सोडायचा नाही म्हणून."

तो खदखदून हसला. "रंग लय झ्याक हाय, तात्या. पण तुमच्या बोलण्याला अर्थच न्हाय!"

मी त्याच्यावर खेकसलो. त्यानं रंग खरवडला, बोल्ट आवळला. बटण दाबलं, दिवा मिणमिणला नाही.

दुसऱ्या सकाळी हाक दिली. इंदापूरचा एकजण बोलला, "आवाज स्वच्छ! होता कुठं तुमी?"

"गुरुजी कुठं आहेत?"

"मुलाकडं गेलं, नागपूरला. अँटेना पण उतरवली. तुमाला लय हाका मारल्या त्यांनी."

भिगवणहून जळोची काही फार लांब नाही. एकदा येऊन विचारायला काय झालं होतं? हा राग माझा अजून आहे.

सेट विकला नाही. इंदापूरच्या रस्त्यावर पिंपळी मागं पडली की बटण दाबायचो. दिवा एकसारखा जळायचा.