वहिनीचा डावा हात

माझी वहिनी कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश मजकूर सांगायचे आणि वहिनी कळफलकाकडे न बघता तो उतरवून घ्यायची. तिथं तिला सगळे मशीनगन म्हणत. एक वकील तर चेष्टेनं म्हणायचे, "बाई, साक्षीदाराला निदान बोलू तरी द्या."

एका रविवारी भांडी घासताना ग्लास फुटला आणि काच तिच्या उजव्या तर्जनीत घुसली. दोन टाके पडले. "जिवावरचं बोटावर निभावलं," दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टीचं भलंमोठं पांढरं बोंडूक बांधून ती कामावर गेली.

त्या आठवड्यात न्यायाधीशांनी तिला पहिल्यांदाच थांबवलं. "बाई, इथं ध चा मा झालाय. साक्षीदार म्हणतो 'मला मारलं', तुम्ही लिहिलंय 'मला मरलं'."

"पट्टीमुळं होतंय, साहेब."

सगळ्यांना पटलं. तिलाही पटलं.

टाके निघाले, जखम भरली, पण चुका थांबेनात. ती घरी उशिरा यायला लागली. विचारलं की म्हणायची, "बोट आखडलंय अजून. सवय मोडली की असंच होतं." एरवी घर डोक्यावर घेणारी बाई जेवताना मुकाट्यानं ताटाकडे बघत बसायची. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बोलणार कोण?

एका संध्याकाळी तिनंच मला कॉम्प्युटरजवळ बसवलं. "तू वाचून दाखव, मी टाइप करते. हात बसला की झालं."

मी शाळेत भाषा शिकवते. हाताशी पाचवीचं पुस्तक होतं, त्यातलंच वाचलं, 'नाव काठाला लागली.' पडद्यावर उमटलं, 'नव काठल लगल'. आणखी चार-पाच वाक्यं झाली. जन्म वह्या तपासण्यात गेलेला, त्यामुळं माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, अक्षरं सगळी जागेवर आहेत गं. नुसते काने, मात्रा, वेलांट्या गळतायत."

तिची बोटं थांबली. मला काही कळेना.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "कळफलकावर अक्षरं उजव्या हाताला असतात. काना-मात्रा डाव्या."

दुखलं होतं उजवं बोट. डाव्या हाताला साधा ओरखडाही नव्हता. तो तिनं दिव्याखाली धरला, मुठीची उघडझाप केली. करंगळी मागे राहत होती.

"तो ग्लास," मी विचारलं, "कुठल्या हातातून सुटला होता?"

तिनं उठून कॉम्प्युटर बंद केला.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. दादा उत्साहानं टाक्यांची हकीकत सांगत होता. डॉक्टरांनी त्या बोटाकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनीच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा त्यांनी चिमटीत धरली. तिथलं मांस बसलं होतं, छोटासा खळगा पडला होता. इतके दिवस एका घरात राहून आमच्यापैकी कुणालाच तो दिसला नव्हता.

"हे कधीपासून आहे?"

"काय?" दादानं विचारलं.

मग मोठ्या दवाखान्यातल्या तपासण्या झाल्या. निकाल ऐकायला वहिनीनं मला एकटीलाच बरोबर नेलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या होत्या. औषधानं वेग कमी होईल, आजार थांबणार नाही. आज हात, उद्या पाय. आणि पुढं कधीतरी वाचाही, डॉक्टर म्हणाले आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला.

बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट उजव्या हातानं घट्ट पकडलं. "हाता-पायाचं तुझ्या दादाला मी सांगेन. शेवटचं नाही. तूही नाही."

तिनं नोकरी सोडली. निरोपाला न्यायाधीश स्वतः उभे राहिले, म्हणे. दादानं घरात कठडे बसवून घेतले, तिच्या स्वेटरची बटणं काढून चेन लावून आणली. बोललेलं लिहून घेणारी सोय त्यानं कॉम्प्युटरवर करून दिली, तेव्हापासून सकाळ-दुपार ती बोलत बसते. माहेरची माणसं, कोर्टातले किस्से, जे आठवेल ते. काना-मात्रेची चूक नाही.

काल दादा माझ्या खोलीत आला, खूप दिवसांनी खुशीत होता. पलीकडून तिचा आवाज येत होता.

"ऐकतेस ना? हात गेला म्हणून काय झालं," तो हसत म्हणाला, "हिला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय."

मी वह्यांवरून मान वर केली नाही.