यशपालची मोकळी ओळ

समुद्रापारच्या आमच्या बेटावर, रिव्हिएर दू रांपार गावातल्या आम्हा मराठी लोकांत हरिलालकाकांचा आवाज खणखणीत. गणपतीपुढे फेर धरून झाकरी म्हणताना ओळ ते टाकायचे आणि आम्ही झीलकरी तीच ओळ उचलायचो. त्यांच्यानंतर ओळ टाकायची ती मुलाने, यशपालने, हे ठरल्यातच जमा होतं.

यशपालच्या डोक्यात मात्र दुसरंच खूळ शिरलं. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने सत्याहत्तर साली त्याला ब्ल्यूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुखऱ्या गाण्यांच्या, कॅसेट आणून दिल्या आणि तेव्हापासून पोराला वांग्याच्या मळ्यातसुद्धा गिटार हवी. त्याला गिटारवर पोट भरायचं होतं. गाव हसलं. मीही हसलो. रडक्या आवाजातलं गाणं ऐकायला कोण पैसे मोजणार?

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात बँडला गायक हवा होता. बसने यशपाल गेला, सोबतीला मी. बँडचा म्होरक्या ज्याँ-नोएल नावाचा क्रिओल होता. त्याने वाजवायला सुरुवात केली. यशपालने पहिली ओळ म्हटली, झकास म्हटली, आणि गप्प उभा राहिला. दुसरी म्हटली, पुन्हा गप्प.

"कीफेर तो आरेते?" थांबलास का, असं ज्याँ-नोएलने विचारलं.

यशपालने मागे वळून पाहिलं. मला कळलं होतं. तो आमची वाट बघत होता! ओळ टाकली की दहा गळे ती उचलतात, हे त्याच्या अंगात मुरलेलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी मीच ते सांगून टाकलं. ज्याँ-नोएल भला माणूस. म्हणाला, "इथे तुझ्यामागे कोणी नाही. उत्तर तुझ्या गिटारनेच द्यायचं. शिकून ये."

यशपाल शिकला. मळ्यात, ओसरीवर, बसथांब्यावर, कुठेही एक ओळ गायची आणि तिच्यामागे बोटं पळवायची. वर्षभराने त्याच बँडने त्याला घेतलं. पुढे तो शेजारच्या रेयुनियन बेटावर जाऊन गाऊन आला, क्युरपिप शहरातल्या दुकानांत त्याची कॅसेट मिळू लागली. हसणारे आम्ही सगळे आता त्याचे सख्खे शेजारी झालो.

काका थकले होते. घसा साथ देईना, पण फेरातली जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नाही. त्र्याऐंशीच्या गणपतीला यशपाल सुट्टी काढून आला, तेव्हा त्यांनी त्याला मधोमध उभं केलं.

काय गायला! पण ओळ संपते न संपते तोच तो वर एखादी तान घ्यायचा, नाहीतर पुढची ओळच सुरू करायचा. आम्ही तोंडं उघडायचो आणि मिटायचो. बायका वाहवा करत होत्या. फेर मात्र हळूहळू थांबला.

"बाबा, चुकलं काय?"

"चुकलं नाय रे. लय बरा गातोस," काका म्हणाले. "पन आमाला जागाच ठेवत नायस."

यशपाल लाल झाला. मला त्याचा रागही आला आणि दयाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काकांनी फाटक्या आवाजात ओळ टाकली. आम्ही उचलली, त्यानेही उचलली. मग काकांना ठसका लागला, आणि पुढची ओळ आलीच नाही. यशपालसकट आम्ही सगळे उचलायलाच उभे होतो, टाकायला कोणी पुढे झालं नाही. त्यानंतर आमच्या गावात झाकरी झाली नाही.