तुमच्यासाठी

वैशाखातल्या दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले की एक ओला, मातकट, किंचित गोड गंध खोलीत शिरतो. तो गंध मला अजूनही सासऱ्यांच्या आजारपणात घेऊन जातो. बाहेर नागपूरचे ऊन पांढरेफटक पडलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आतल्या गार, हिरवट अंधारात बाबा खाटेवर पडून छताकडे पाहत असायचे. त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. हातपाय हळूहळू थोडेफार सावरले. स्मृती मात्र सावरली नाही.

बाबा कापडगिरणीत विणाई खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही मोठ्याने बोलत, आणि आमच्या ख्रिस्ती देवळात गाताना तर सर्वांच्या वर त्यांचा आवाज चढे. आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत ते ‘वडील’ होते, म्हणजे पाळकांबरोबर, आमच्या धर्मगुरूंबरोबर, चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. असा माणूस आधी शेजाऱ्यांची नावे विसरला, मग आपल्या मुलाचे, माझ्या पतीचे, प्रभाकरांचे. तेही आम्ही सोसले. पण एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेनंतर प्रभाकरांनी नेहमीप्रमाणे त्यांना ‘आमेन’ म्हणायला सांगितले, तेव्हा बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “कोन देव? मी नाही ओळखत त्याले.”

रागाने म्हणाले असते तर आजाराचा राग म्हणून सोडून देता आले असते. त्या स्वरात राग नव्हता, खेद नव्हता. रस्त्यात कुणी अनोळखी पत्ता विचारावा आणि आपण माहीत नाही म्हणून पुढे जावे, इतका तो सहज नकार होता. आमच्या घराचे धाबे दणाणले ते त्या सहजपणाने. ज्याने देवाला ओळखत नाही असे म्हटले, त्याच्या तारणाचे काय?

तुम्हाला वाटेल, सगळे प्रोटेस्टंट एकाच वेलीची फुले. यात मतभेद कसला? मूळ खरोखरच एक आहे. माणूस आपल्या पुण्याईने तरत नाही, केवळ देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे तरतो, हे आम्ही सगळेच मानतो. पण हा विश्वास येतो कुठून, टिकतो कसा, आणि तो हरवल्यासारखा वाटला तर माणसाने कुठे पाहायचे, या प्रश्नांशी वाटा फुटतात. एरवी या वाटा पुस्तकांत राहतात. त्या उन्हाळ्यात त्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

माझी नणंद करुणा लग्नानंतर एका उज्जीवन सभेत, श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या मेळाव्यात जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आली होती, टाक्यात पूर्ण बुडून. तान्हेपणीचा बाप्तिस्मा ती खरा मानीत नसे. जाणत्या वयात माणसाने स्वतःच्या तोंडाने प्रभूचा स्वीकार केला पाहिजे, ही तिची श्रद्धा. बापावर तिची माया अलोट. रोज येऊन ती त्यांचा हात हातात घेई आणि विचारी, प्रभूला स्वीकारता ना? बाबा कधी हो म्हणत, कधी नाही, कधी चहा मागत. ‘हो’च्या दिवशी ती हसत घरी जाई, ‘नाही’च्या दिवशी पदराने डोळे पुसत. थकलेल्या मेंदूच्या त्या हो-नाहीवर एका जिवाचे अनंतकाळ टांगलेले पाहणे, ही काय साधी यातना होती?

प्रभाकरांची यातना निराळी होती. ते लहानपणापासून शिकले होते की देवाने ज्यांना निवडले त्यांना तो अखेरपर्यंत राखतो. ते अडखळतील, पण कायमचे गळून पडणार नाहीत. केवढी भक्कम भिंत ही! पण भ्यालेले मन भिंतीची दुसरी बाजूही पाहून येते. बाबा निवडलेल्यांपैकी असतील तर प्रश्नच नाही. पण नसतील तर? ते बाबांचे जुने आयुष्य आठवून आठवून तपासू लागले. त्यांचा गिरणीतला तापट स्वभाव, एका भावाशी धरलेला अबोला. त्यांच्या परंपरेने त्यांना असे करायला सांगितले नव्हते. तीही शेवटी ख्रिस्ताकडेच पाहायला सांगते. पण मुलाचे काळीज शास्त्र विचारून घाबरत नाही.

आणि मी? माझे माहेर छिंदवाड्याकडचे, लुथरन. सासरी आल्यावर मी इथल्या मंडळीची झाले. मात्र लहानपणी पाठ केलेली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी अंगातून जात नाही. आमची शिकवण प्रभाकरांच्या शिकवणीहून मऊ होती असे मुळीच नाही. विश्वास खरोखर गमावता येतो, असेच आम्हाला शिकवलेले. म्हणून ‘बाबा गळून पडणारच नाहीत’ असे त्यांच्यासारखे मला म्हणता येईना. पण त्याच शिकवणुकीने आणखी एक गोष्ट हातात दिली होती: विश्वास शोधायला स्वतःच्या आत डोकावू नकोस. तुझा निर्णयही देवाचेच दान आहे. तू बाहेर पाहा. जे पाणी तुझ्यावर ओतले गेले, जो शब्द तुला ऐकवला गेला, जी भाकर तुझ्या मुखी दिली गेली, तिथे पाहा. बाप्तिस्मा म्हणजे आपण देवाला दिलेली साक्ष नव्हे, ते देवाने आपल्यावर केलेले काम आहे. तान्हे मूल आईचे नाव कुठे सांगू शकते? म्हणून काय ते तिच्या कुशीत विश्वासाने निजत नाही? मग विसरलेल्या म्हाताऱ्यालाच देवाचे नाव सांगण्याची सक्ती का?

हे सगळे मनात होते. बोलण्याची वेळ आली ती पाळक आजाऱ्याचे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाची भाकर आणि द्राक्षारस, घेऊन आले तेव्हा. ते सरळ, मृदू गृहस्थ होते. बाबांचे ते वाक्य त्यांच्या कानावर गेले होते. माणसाने स्वतःला पारखून भोजन घ्यावे, आणि बाबांना तर पारखता येत नाही. प्रार्थना करून जातो, भोजन नको, असे ते संकोचून म्हणाले. करुणाने मान खाली घातली. प्रभाकर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “तुमच्याकडे काय म्हणतात?” आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली होती, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला.

मी सांगितले की स्वतःला पारखण्याचा इशारा आम्हालाही आहे, तो भोजनाला जाणूनबुजून तुच्छ लेखणाऱ्यासाठी. पण प्रभू त्या भाकरीत येतो तो आमच्या विश्वासाच्या बळावर नव्हे, त्याच्या स्वतःच्या शब्दाने. आम्ही त्याला खरोखर मुखाने घेतो. मग मी म्हणाले, “विश्वास म्हणजे घेणारा हात आहे, पाळकसाहेब. बाबांचा हात थरथरतो, म्हणून द्यायचंच नाही का?”

आपल्या मंडळीचे शिक्षण निराळे आहे, हे पाळकांनी मला सौम्यपणे सांगितले. ख्रिस्त स्वर्गात आहे आणि आत्मा आपल्याला विश्वासाने त्याच्यापर्यंत नेतो, असे ते मानीत. ते मत त्यांनी सोडले नाही. मात्र हाही म्हातारा बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या मुलांसारखाच देवाच्या कराराच्या घरातला आहे, असे जरा स्वतःशीच म्हणून त्यांनी लहानशी पेटी उघडली.

भाकरीचा तुकडा बाबांच्या ओठांपाशी नेत त्यांनी नेहमीचे शब्द म्हटले: ‘हे माझे शरीर आहे, ते तुमच्यासाठी आहे.’ ‘तुमच्यासाठी’ या शब्दाशी बाबांची मान हलली. त्यांनी पाळकांकडे रोखून पाहिले.

“माह्यासाठी?”

“हो, तुमच्यासाठी.”

बाबांनी तोंड उघडले.

त्यांची स्मृती परत आली नाही. त्यानंतरही एकदोनदा त्यांनी देव कोण म्हणून विचारले, आणि पाऊस सरता सरता ते गेले. करुणा अखेरपर्यंत रोज येत राहिली. त्यांना भरवी, केस विंचरी, पण तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. तिचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. प्रभाकरही मरेपर्यंत प्रेस्बिटेरियनच राहिले. फक्त बापाच्या आयुष्याची ती उलटतपासणी त्यांनी थांबवली. आणि मी अजून विचार करते. बाबा त्या दिवशी देवाला हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. समोर आलेले कोणासाठी आहे, एवढेच त्यांनी विचारून घेतले होते. याहून अधिक आपल्यापैकी कोण काय करतो?