काट्यावरचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या भागीदाराचं वजन होत असताना मी मागून काट्यावर पाय ठेवला होता.

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर आम्ही दोघांनी शिडाची बोट केली. दोन माणसांची. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं बाहेर झुकून तोल सांभाळायचा. तो तांड्यावरचा शेतकरी, मी जवळा बाजारच्या आडत दुकानातला. पहिली बोट जाड फळ्यांची होती, चौघांनाही उचलेना. मग त्यानं प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवले, सांधे रेझिननं भरले, सोयाबीन झाकायच्या ताडपत्रीचं शीड बेतलं. जुन्या मोटरसायकलपेक्षा स्वस्तात झाली. हट्ट त्याचा एकच, बोटी साऱ्या एका मापाच्या पाहिजेत. मग कुणाच्या बापाला किती शेती, ते पाण्याला कळायचं न्हाई.

आसपासच्या गावांतल्या पोरांनी त्या मापानं बोटी बांधल्या. पहिली शर्यत ठरली. स्वस्त बोट म्हणजे पातळ बोट. जड जोडी बसली की मागून पाणी आत यायचं. म्हणून दोघांच्या मिळून वजनाला मर्यादा घालायचं ठरलं. आकडा मी सुचवला. तो अंगानं थोराड, हे ध्यानात ठेवूनच सुचवला. मला जिंकायचं होतं आणि माझा पुतण्या किडकिडीत होता.

चारचौघांत मी भागीदाराला पोतं म्हणायला लागलो. तो हसायचा. मग त्यानं भाकरी सोडली.

शर्यतीच्या सकाळी आमच्याच दुकानात वजनं झाली. माल घेताना पायाचा अंगठा काट्याच्या फळीखाली घालायचा आणि विकताना फळीवर टेकवायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. माझं वजन झालं, मग तो चढला. दोघांचा मिळून आकडा बसला, मर्यादेच्या आत. आकडा वाचणाऱ्यानं तोंड उघडायच्या आधी मी मागून फळीवर अंगठा दाबला. आकडा मर्यादेपुढे गेला.

"शेठ, पंधरवडा झाला, नुसत्या ताकावर हाय मी," तो म्हणाला. "काटा बराबर हाय ना?"

"काट्याला काहून नावं ठेवतो? ताकातलं लोणी काढत जा."

सगळे हसले. त्यानं खिसे चाचपले, सदरा उतरवला, बनियनवर पुन्हा चढला. मी पुन्हा अंगठा दाबला.

त्याच्या जागी पुतण्या बसला. बोट पाण्यात ढकलली ती मात्र भागीदारानंच. वळताना शीड जरा ढिलं सोडा, असंही सांगितलं. ते ऐकलं म्हणून आम्ही जिंकलो.

आता त्या मापाच्या बोटी दुसऱ्या धरणांवरही दिसतात. कुणी काढल्या विचारलं की लोक माझं नाव घेतात, मी ते खोडून काढत नाही. तो पाण्याकडे फिरकत नाही. तांड्यावरची लेकरं त्याला अजून पोतं म्हणतात. तो अजून दिवसातून एकदाच जेवतो, असं त्याची बायको मला सांगत होती. मी समजावलं तर ऐकेल, असं तिला वाटतं.

त्या सकाळी त्याचं वजन बरोबर होतं, हे त्याला सांगणं मी देणं लागतो. तिच्यासमोर आणि बोटी बांधणाऱ्या पोरांसमोर. अजून सांगितलेलं नाही.